परसात सहा-आठ कोंबड्या: नाशिकच्या हवेत टिकणारं जाळीचं आवार कसं बांधायचं

कोंबड्या पाळायचं घरात ठरलं की बहुतेक जण आधी पिल्लं आणतात. पंधरा दिवसांत ती खोक्यात मावेनाशी होतात, मग घाईघाईत चार बांबू रोवून भोवती हिरवी जाळी गुंडाळली जाते. पहिल्याच पावसात आत राडा होतो, आणि दिवाळीच्या आत दोन कोंबड्या मुंगसाने नेलेल्या असतात. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या आमच्या बाजूला मी हे कितीतरी घरांत पाहिलंय. माणसं हौशी असतात, पक्ष्यांवर जीव लावतात, फक्त कामाचा क्रम उलटा लागतो. आधी जमीन, मग जाळी, मग छत, मग खुराडं आणि पक्षी सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळलात तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

खालचा हिशेब सहा ते आठ माद्यांचा आहे. एका घराची अंड्यांची गरज त्यात भागते आणि रोजचं काम अर्ध्या तासात उरकतं. ‘आवार’ म्हणजे दिवसा फिरायची जाळीची जागा आणि ‘खुराडं’ म्हणजे रात्रीचं बंद घर, असं धरून वाचा.

१. आधी विचारून घ्या

शहरात राहत असाल तर महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात जाऊन नियम विचारा. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड अशी सहा विभागीय कार्यालयं आहेत. हद्दीबाहेर असाल तर ग्रामपंचायतीत विचारा. रो हाउस किंवा सोसायटी असेल तर तोंडी ‘चालेल हो’ यावर बांधकाम सुरू करू नका. तक्रार आली की तोंडी शब्द कुणालाच आठवत नाही.

जवळ ठेवायचे कागद:

- सोसायटीचं किंवा घरमालकाचं लेखी संमतिपत्र
- घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार
- पक्षी घेतल्याची पावती
- लसीकरणाची नोंदवही (साधी शंभर पानी वही पुरते)

शेजाऱ्यांशीही आधीच बोला. त्यांना दोनच गोष्टींची धास्ती असते, वास आणि पहाटेची बांग. बांगेचा प्रश्न सोपा आहे: अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडी एकटीही तेवढीच अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. शहरात कोंबडा ठेवूच नका. वासाचं उत्तर जमिनीच्या पायरीत आहे.

२. जागा निवडताना पाणी, ऊन आणि वारा पाहा

नाशिक जिल्ह्याची हवा एकसारखी नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस कोसळतो, येवला-नांदगाव-मालेगावकडे तोच पाऊस वाट पाहायला लावतो. निफाडला थंडीत पारा एक आकडी होतो, आणि एप्रिल-मे मध्ये सगळीकडेच चाळिशीच्या आसपास जातो. तुम्ही कुठे राहता त्यावर आवाराचा जोर कशावर ठेवायचा ते ठरतं. पश्चिमेकडच्यांनी पाण्याच्या निचऱ्यावर आणि छतावर जास्त पैसे घालावेत, पूर्वेकडच्यांनी सावलीवर.

जागा पक्की करण्याआधी एक चाचणी करा. निवडलेल्या जागी हात मावेल एवढा, फूटभर खोल खड्डा खणा आणि बादलीभर पाणी ओता. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात दिसलं, तर त्या जागी भर घातल्याशिवाय आवार करायचं नाही. पावसाळ्यात एकदा जोराच्या सरीनंतर छत्री घेऊन परसात उभं राहा आणि पाणी कुठून येऊन कुठे जातं ते बघा. गोदावरी, नासर्डी किंवा एखाद्या नाल्याकाठी घर असेल तर पूररेषेच्या आत खुराडं नको.

आवाराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या होतात आणि वारा आरपार जातो. पश्चिमेची आखूड बाजू मात्र बंद करा. उन्हाळ्यात दुपारचं तिरपं ऊन तिकडूनच येतं आणि पावसाळ्यात वावझडही तिकडूनच आत शिरते. एका बंद भिंतीत दोन्ही कामं होतात. हिवाळ्याचा बोचरा वारा उत्तरेकडून येतो, त्याची सोय पुढे सांगतो.

पश्चिमेला कडुनिंब किंवा शेवगा असेल तर उत्तम. फक्त फांद्या छतावर टेकू देऊ नका. उदमांजर आणि बोके त्याच वाटेने उतरतात.

द्राक्षबाग शेजारी असेल तर आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या सारख्या चालू असतात. वाऱ्याबरोबर येणारे तुषार आवारातल्या गवतावर आणि पाण्याच्या भांड्यात पडतात. बागेच्या बांधापासून शक्य तितकं लांब राहा, त्या बाजूला जाड पडदा ठेवा, आणि बागेतलं तण कितीही हिरवंगार दिसलं तरी कोंबड्यांना आणून घालू नका. फवारणीची वेळ बागवाल्यांना विचारून ठेवा. त्या सकाळी कोंबड्या खुराड्यातच ठेवायच्या.

३. मापं आणि सामान

आवारात एका कोंबडीला किमान दहा चौरस फूट आणि खुराड्यात दोन ते अडीच चौरस फूट. याहून दाटी झाली की त्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच चोच मारतात. आठ पक्ष्यांसाठी १२ बाय ८ फुटांचं आवार आणि त्याला लागून ५ बाय ४ फुटांचं खुराडं पुरतं. उंची साडेसहा फूट हवीच. वाकून आत जावं लागलं की साफसफाई पुढे ढकलली जाते.

सामानाची यादी:

- दीड इंची चौकोनी जी. आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप, दर चार फुटांवर एक याप्रमाणे दहा खांब, शिवाय वरची चौकट
- अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जाड तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी), चार फुटी रोल, ४५ ते ५० फूट
- वरच्या भागाला आणि डोक्यावर एक इंची चिकन जाळी
- जी. आय. पत्रे, जे हुक, वायसर
- सिमेंट, वाळू, खडी. मुरूम साधारण एक ब्रास
- बाइंडिंगची तार, स्क्रू, बिजागऱ्या, दोन कड्या, एक कुलूप
- शेडनेट, गोणपाट, साळीचा तूस, चुना

हत्यारं: पहार, फावडं, घमेलं, धुमस, मीटर टेप, ओळंबा, पक्कड, पत्रा कापायची कात्री, ड्रिल आणि जाड हातमोजे. हातमोज्यांशिवाय वेल्डमेशला हात लावू नका; कापलेली टोकं सुईसारखी बोचतात.

खर्च कमी करायचा असेल तर जुन्या द्राक्षबागांचे अँगल आणि तार सहज मिळतात, आणि ते मजबूत असतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून येणारी लाकडी पॅलेटही खुराड्याला चालतात. त्यावरचा शिक्का मात्र पाहा. ‘एचटी’ असा शिक्का असेल तर लाकूड फक्त उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड, ते घेऊ नका. तेलकट डाग पडलेलंही नको.

४. जमीन तयार करा

या पायरीवर घाई करू नका. नाशिकच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. एप्रिलमध्ये ओळंब्यात उभा केलेला खांब ऑगस्टपर्यंत कलतो, जाळी सैल पडते आणि खाली फट तयार होते. शिवाय ओल्या काळ्या मातीत विष्ठा मिसळली की अमोनियाचा वास सुटतो, माश्या होतात आणि कोंबड्यांच्या पायांना चिखलाचे गोळे चिकटतात. रक्ती हगवण, जंत, पायाच्या जखमा हे सगळं ओलीतून येतं.

वरची सहा ते नऊ इंच काळी माती काढून बागेत टाका. तिच्या जागी मुरूम भरा, थोडं पाणी मारा आणि धुमसने ठोका. सहा इंच माती काढली आणि पातळी चार इंच वर घेतली तर १२ बाय ८ च्या जागेत दहा इंच भर, म्हणजे ८० घनफूट; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून एक ब्रास धरायचा. ठोकल्यावर थर दबतो, तेव्हा थोडा जास्तच लागतो. काम झाल्यावर आतली पातळी बाहेरच्या जमिनीपेक्षा तीन-चार इंच वर हवी आणि दर चार फुटांना इंचभर उतार हवा. उतार घराच्या आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांब काढा. भोवती वीतभर रुंद चर खणून त्यात खडी भरा.

खांबांसाठी दोन फूट खोल, फूटभर चौकोनी खड्डे. तळाशी चार इंच खडी, मग खांब ओळंब्यात धरून काँक्रीट. काँक्रीटचं तोंड जमिनीच्या थोडं वर आणि चहूबाजूंनी उतरतं ठेवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचून गंज धरत नाही. जमीन मुळातच मुरमाड असेल तर माती काढायची गरज नाही, फक्त उतार करा.

आवारात फरशी किंवा कोबा करू नका. उकरणं हे कोंबडीचं दिवसभराचं काम आहे. ते हिरावलं की त्या चिडतात. मुरमावर चार इंच कोरडं अंथरूण द्या: लाकडाचा भुसा, वाळलेला पाला, उसाचं बारीक केलेलं पाचट. खुराड्यात साळीचा तूस सगळ्यात चांगला. इगतपुरी-घोटीकडच्या भातगिरण्यांवर मिळतो.

अंथरूण ठीक आहे का, हे मुठीत कळतं. मूठभर उचला आणि दाबून उघडा. लगेच विखुरलं आणि धूळ उडाली तर फार कोरडं आहे. क्षणभर गोळा राहून मग फुटला तर बरोबर. गोळा तसाच राहिला किंवा तळहात ओला झाला, तर तो भाग त्याच दिवशी काढून नवीन टाका. आठवड्यातून दोनदा फावड्याने खालीवर करा आणि पावसाळ्यात चुन्याची हलकी भुकटी मिसळा. एवढं सांभाळलं तर शेजाऱ्यापर्यंत वास जात नाही.

एका कोपऱ्यात दोन फुटांचा उथळ खड्डा कोरडी माती आणि चुलीची राख भरून ठेवा. कोंबड्या त्यात लोळून अंग झाडतात, त्याने उवा आणि गोचिडांना आळा बसतो. ही जागा पत्र्याखालीच हवी. भिजली तर उपयोग नाही.

५. जाळी

षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, घूस कुरतडते. म्हणून खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेशच हवी. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

आपल्याकडे शत्रू कोण आणि कधी येतात ते डोक्यात ठेवा. मुंगूस दिवसाढवळ्या येतं आणि खणून शिरतं. घार, शिक्रा आणि कावळे वरून. बोके, उदमांजर, घुशी रात्री. धामण आणि नाग अंड्यांसाठी, पिल्लांसाठी आणि उंदरांच्या मागावर येतात. सिन्नर, निफाड, दिंडोरीच्या ऊसपट्ट्यात बिबट्याही आहे, आणि शहराच्या कडेलाही तो दिसतो. ‘रात्री खुराडं बंद करतो, मग आवाराला साधी जाळी चालेल’ असं म्हणणाऱ्यांच्या कोंबड्या दुपारी जातात.

चार फुटी रोल घेतलात तर तीन फूट वर उभी आणि एक फूट जमिनीखाली बाहेरच्या बाजूला वळवा. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी ती वळते. खणणारा प्राणी नेहमी जाळीच्या अगदी बुडाशी खणायला लागतो, तिथे त्याच्या पंजाखाली जाळीच येते. मागे सरकून फूटभर अलीकडून खणायचं त्याला सुचत नाही. वळवलेल्या भागावर माती आणि दगड टाका, वर गवती चहा लावा.

जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाने लावा. बाहेरून धक्का बसला की ती खांबावर दाबली जाते. आतून लावली तर तोच धक्का तारा तोडतो. प्लास्टिकचे केबल टाय वापरू नका. नाशिकच्या उन्हात ते ठिसूळ होतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकेक तुटून पडतात. वायसर घातलेले स्क्रू किंवा बाइंडिंगची तार वापरा. वेल्डमेश आणि चिकन जाळी जिथे मिळतात तिथे चार इंच एकावर एक घ्या आणि तारेने टाके घालून शिवा.

डोक्यावरही जाळी हवीच. उघडं आवार म्हणजे घारीला आणि बोक्याला आमंत्रण.

दार अडीच फूट रुंद, आत उघडणारं, खाली आठ इंची उंबरा. उंबऱ्यामुळे अंथरूण बाहेर सांडत नाही आणि दाराखालची फट मिटते. कड्या दोन, वर एक आणि खाली एक. एकच कडी असेल तर दाराचा खालचा कोपरा ढकलून कुत्रा आत येतो.

सगळं झाल्यावर संध्याकाळी अंधार पडताना एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून वाकून फेरी मारायची. कोपरे, दाराची चौकट, खुराडं आवाराला जिथे जोडलंय ती रेघ, पत्रा आणि चौकटीमधली पोकळी: उजेडाची रेघ दिसली की तिथे अंगठा घालून बघा. अंगठा गेला तर उंदीर जातो. खडूने खूण करा आणि सकाळी बुजवा.

साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. बिबट्याच्या खुणा दिसल्या तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि त्या भागात असाल तर खुराडं विटांचं किंवा जाड गजांचं करा.

६. छत

आवाराचा निम्मा भाग पत्र्याखाली आणि निम्मा फक्त जाळीखाली. पत्रा पश्चिमेच्या अर्ध्यावर घ्या, त्याचा उतार पश्चिमेकडे आणि पत्र्याची कड भिंतीबाहेर दोन-अडीच फूट. खालच्या कडेला पन्हाळ लावून पाणी पिंपात सोडा. तसं न करता ते बुडाशी पडू दिलंत तर भर घातलेली जमीन एका पावसाळ्यात धुपते.

मे महिन्यातली वळवाची वादळं हलका पत्रा उचलून नेतात. दर चौकटीला जे हुक हवाच, वर दगड ठेवून भागत नाही. उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट किंवा तुराट्यांचा थर द्या आणि दोरीने बांधा, नाहीतर चुन्याचा पांढरा हात मारा. जाळीच्या भागावर मार्चपासून शेडनेट, आणि दिवाळीनंतर ती काढून ठेवा, म्हणजे थंडीत ऊन खाली येतं.

७. खुराडं

जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर पायांवर उभं खुराडं घुशी आणि ओल दोन्हीपासून सुटतं. खालची जागा दुपारच्या सावलीला उपयोगी पडते.

बसायची काठी दोन इंच जाडीची, कडा घासून गुळगुळीत केलेली. दर पक्ष्याला आठ ते दहा इंच. लोखंडी पाइप नको, थंडीत पाय गारठतात. अंडी घालायचे खण १२ इंच लांब, रुंद, उंच; आठ कोंबड्यांना दोन पुरतात. खण काठीपेक्षा खाली ठेवा. कोंबडी नेहमी सगळ्यात उंच जागी झोपते. खण वर असले तर ती त्यातच झोपणार आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली निघणार.

हवेसाठी झरोके काठीच्या वर, छताला लागून, दोन्ही लांब भिंतींना, त्यांनाही वेल्डमेश. थंडीत लोक खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकने गुंडाळतात, हे फार वाईट. श्वासाची वाफ आणि अमोनिया आत कोंडतो आणि पक्ष्यांना सर्दी धरते. फक्त उत्तरेच्या बाजूला, काठीच्या उंचीपर्यंत गोणपाटाचा पडदा सोडा. वरचे झरोके उघडेच. पिसं फुगवून बसलेली मोठी कोंबडी निफाडची थंडीही काढते. ओल आणि अंगावर येणारा वारा तिला सोसत नाही.

८. पाणी आणि खाद्य

अंड्यावरची कोंबडी रोज साधारण ११० ते १२० ग्रॅम लेअर खाद्य खाते आणि पाव लिटर पाणी पिते. उन्हाळ्यात पाणी दुप्पट लागतं. भांडी पत्र्याखाली, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा, म्हणजे त्यात माती उकरली जात नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल. नुसत्या गहू-तांदळाच्या कणीवर अंड्याचं कवच पातळ होतं.

काय घालू नये हे नाशिककरांनी विशेष लक्षात ठेवावं. चाळीत खराब झालेला कांदा आणि पात कोंबड्यांना घालायची नाही. जास्त खाल्ला तर त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. बुरशी धरलेला मका त्याहून वाईट. त्यातलं विष यकृतावर जातं आणि पक्षी हळूहळू खंगतो. पावसाळ्यात महिन्याभरापेक्षा जास्त खाद्य भरू नका आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. हिरवा कोवळा बटाटा आणि कच्चे वाल-राजमाही टाळा. मेथी, कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याचा पाला खुशाल द्या, आधी धुऊन.

९. आता पक्षी आणा

पहिल्यांदाच पाळणाऱ्याने एक दिवसाची पिल्लं आणू नयेत. पहिल्या आठवड्यात त्यांना ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, दर आठवड्याला ती पाच अंशांनी उतरवायची असते. त्यापेक्षा आठ-दहा आठवड्यांच्या, लस झालेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) घ्या.

जात ठरवताना अंडी किती आणि सांभाळ किती, हे दोन्ही बघा. गावठी कोंबडी काटक, खुडूक होणारी, वर्षाला साठ-सत्तर अंड्यांच्या आसपास. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेली ग्रामप्रिया अंड्यांना चांगली, वनराज अंगाने भरदार. बेंगळुरूची गिरिराजही आपल्याकडे रुळली आहे. कडकनाथच्या नावावर वाटेल ती काळी पिल्लं विकली जातात, म्हणून ओळखीशिवाय घेऊ नका. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूरला आहेत. नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येते. रस्त्यावर रंग लावून विकतात ती पिल्लं बहुधा नरच असतात.

घेताना लसींच्या तारखा लिहून मागा. मरेक्सची पहिल्या दिवशी, लासोटा (राणीखेत रोगाची लस) पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो चौदाव्या दिवसाच्या सुमारास, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, देवीची सहाव्या आणि आर-टू-बी (हीसुद्धा राणीखेतचीच) आठव्या आठवड्यात, असा साधारण क्रम असतो. राणीखेत म्हणजे मानमोडी. ती आली की लस नसलेलं अख्खं खुराडं बसतं. लसीची कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वस्तीतल्या पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस बर्फात आणावी.

नवीन पक्षी पहिले तीन-चार दिवस खुराड्यातच कोंडा. तेच आपलं घर हे त्यांना कळलं की पाचव्या दिवसापासून तिन्हीसांजेला त्या आपोआप आत जातात. आधीच्या कळपात नवे पक्षी मिसळायचे असतील तर त्यांना महिनाभर वेगळे ठेवा.

१०. ऋतूप्रमाणे काय बदलायचं

उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, भर दुपारी नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. पंख अंगापासून सोडून उभी दिसली तर तिला ताबडतोब सावलीत नेऊन पाय आणि कल्ला पाण्याने ओला करा. दक्षिणेच्या जाळीला गोणपाट लावून दुपारी भिजवा, पण आरपार वारा अडवू नका. पिण्याचं पाणी मातीच्या भांड्यात, दुपारी एकदा बदललेलं.

मेअखेरीस चर साफ करा, पत्र्याचे हुक तपासा, कोरडा तूस भरून ठेवा. जून लागला की सुका तूस मिळणं अवघड होतं.

डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांच्या आसपास येतो आणि अंडी कमी होतात. चांगल्या उत्पादनाला चौदा तास उजेड लागतो. पहाटे दोन-तीन तास एक लहान एलईडी दिवा लावला तर फरक पडतो. मी लावत नाही, त्यांना तेवढी विश्रांती मिळू द्यावी असं मला वाटतं. तुम्ही तुमचं ठरवा.

काढलेलं अंथरूण थेट झाडांना घालू नका, मुळं जळतात. दोन-तीन महिने पाल्यात मिसळून कुजू द्या. आवारातून आल्यावर साबणाने हात धुवा, आणि आवारासाठी वेगळी चप्पल ठेवा.

एखादी कोंबडी मान टाकून बसली, हिरवट पातळ हगली, तुरा काळानिळा पडला, तर तिला लगेच वेगळी करा आणि १९६२ वर फोन करून पशुवैद्यकाला विचारा. एका-दोन दिवसांत एकाहून जास्त पक्षी अचानक मेले तर मेलेले पक्षी कापू नका, विकू नका, नाल्यात टाकू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच नाशिक विभागातल्या नवापूरला, २००६ साली. तपासणी होईपर्यंत उरलेल्या पक्ष्यांना आवारातच ठेवा, कुणाला अंडी देऊ नका आणि बाहेरच्या कुणालाही आत येऊ देऊ नका.